चोरटे सुख : दूरचित्रवाणी मालिका आणि अभिरुचीचे न्यायासन

१

दूरचित्रवाणीवरील एखादी मालिका नियमाने पाहणारी व्यक्ती ती पाहत असल्याचे सांगते तेव्हा बहुधा त्याला एखादे कारण जोडते. ‘सहज लावली होती’, ‘घरात चालूच असते, म्हणून दिसते’, ‘जेवताना काहीतरी हवे असते’, ‘सासूबाई पाहतात, म्हणून बसावे लागते’ अशी ही कारणे असतात. ती कोणी विचारलेली नसतात. आपण तुकारामांची गाथा वाचतो किंवा कुमार गंधर्वांचे ध्वनिमुद्रण ऐकतो असे सांगणाऱ्याला असे स्पष्टीकरण द्यावेसे वाटत नाही. न मागितलेले स्पष्टीकरण हा एक प्रकारचा कबुलीजबाब असतो; आणि कबुलीजबाब म्हटला की तो ऐकून घेणारे न्यायासन गृहीत धरावेच लागते. हे न्यायासन कोणते, ते केव्हा स्थापन झाले आणि त्याच्यासमोर आरोपी म्हणून कोण उभे राहते, हे प्रश्न वरवर किरकोळ वाटले तरी अभिरुचीच्या इतिहासात ते मध्यवर्ती आहेत.

या अनुभवाला मराठीत रूढ पारिभाषिक संज्ञा नाही. ‘चोरटे सुख’ हा शब्दप्रयोग त्याला सर्वांत जवळचा आहे. परंतु ‘चोरटे’ या विशेषणात इतरांपासून लपवणे अभिप्रेत असते, स्वतःपासून नव्हे. येथे विचारात घ्यावयाची अवस्था याहून थोडी गुंतागुंतीची आहे. प्रेक्षकाला सुख होते, ते सुख आपल्याला शोभणारे नाही असेही त्याला वाटते, आणि हे दोन्ही एकाच क्षणी घडते. लाज दुसऱ्याच्या नजरेतून येते, तर अपराधभाव ती नजर आत मुरल्यावर येतो. एकट्या घरात, दार लावून मालिका पाहणाऱ्यालाही आपण वेळ वाया घालवत आहोत असे वाटते, तेव्हा न्यायाधीश त्याच्या आतच बसलेला असतो. दूरचित्रवाणीच्या इतिहासाकडे या आतल्या न्यायाधीशाचा इतिहास म्हणून पाहिल्यास काही परिचित घटनांचा निराळा अर्थ लागतो.

२

हा न्यायाधीश दूरचित्रवाणीबरोबर आलेला नाही. त्याचे शिक्षण छापील पुस्तकांच्या काळात झाले. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मराठीत अद्भुतरम्य कादंबरीचे युग सुरू झाले. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक यांविषयी निबंध’ प्रसिद्ध झाला. मराठी कादंबरीच्या समीक्षेचा आरंभ या निबंधापासून मानला जातो. असंभाव्यता आणि वास्तवापासून दूर जाणे हे त्याचे आक्षेपविषय होते. म्हणजे मराठीत कादंबरीची समीक्षा जन्मली तीच मुळी वाचकांना आवडत असलेल्या कादंबरीविरुद्धची तक्रार म्हणून, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांची मराठी रूपांतरे आणि विसाव्या शतकात बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांहून अधिक रहस्यकथा यांना अफाट वाचक लाभला. वाङ्मयेतिहासात मात्र त्यांना मिळालेली जागा या वाचकसंख्येशी मुळीच प्रमाणबद्ध नाही.

या तक्रारीला तात्त्विक पाठबळ सौंदर्यशास्त्राने पुरवले. कांटने १७९० च्या आपल्या ग्रंथात केवळ सुखद आणि सुंदर यांत भेद केला. सुखदाचा संबंध इंद्रियांच्या तृप्तीशी असतो, सुंदराचा आस्वाद मात्र हितसंबंधनिरपेक्ष असतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथामुळे ही चर्चा मराठी अभ्यासकाच्या चांगल्या परिचयाची झाली आहे. पिएर बोर्द्यूने १९७९ मध्ये याच भेदाची सामाजिक बाजू उघड केली. ज्याच्यापाशी फुरसत आणि शिक्षण यांचे भांडवल आहे त्यालाच निरपेक्ष आस्वाद परवडतो. आणि अभिरुची ही बहुतेकदा इतरांच्या आवडीला दिलेल्या नकारातून सिद्ध होते. कोणाला काय आवडते यापेक्षा कोणाला कशाचा तिटकारा आहे यावरून त्याचे सामाजिक स्थान अधिक अचूक सांगता येते.

मराठीतील ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा दीर्घकाळ चाललेला वादही या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. एका पक्षाने कलेकडून जीवनदृष्टी मागितली, दुसऱ्याने तिची स्वायत्तता मागितली. ना. सी. फडके यांनी रंजनाची बाजू घेतली खरी. पण ‘प्रतिभासाधन’ (१९३१) मध्ये तिची पाठराखण करताना त्यांना तंत्राची प्रतिष्ठा पुढे करावी लागली. पुढे मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ची चर्चा केली आणि समीक्षेचे लक्ष श्रेष्ठत्वाच्या निकषांवर अधिकच केंद्रित झाले. या सर्व काळात निव्वळ सुखाच्या बाजूने स्वतंत्रपणे बोलणारा वकील जवळपास नव्हता. अशा रीतीने दूरचित्रवाणीचा संच घरात येण्यापूर्वीच सुशिक्षित मराठी माणसाच्या मनात आरोपपत्र तयार होते. आरोपी तेवढा नंतर आला.

३

चोरट्या सुखाचा सैद्धांतिक अभ्यास ज्या घटनेपासून सुरू झाला ती मात्र युरोपातील आहे. ‘डॅलस’ ही टेक्सासमधील एका तेलसम्राट कुटुंबाची अमेरिकी मालिका १९७८ मध्ये सुरू झाली आणि १९९१ पर्यंत चालली. नेदरलँड्समध्ये १९८२ च्या वसंत ऋतूत निम्म्याहून अधिक लोक ती दर आठवड्याला पाहत होते. त्याच वेळी युरोपातील सांस्कृतिक नेतृत्वाच्या लेखी हे नाव अमेरिकी सांस्कृतिक आक्रमणाला समानार्थी झाले होते. बहुसंख्य लोक जे पाहत होते त्याचा निषेध करणारी भाषा सर्वांना येत होती. ते आवडते हे सांगणारी भाषा कोणालाच येत नव्हती.

या पेचावर इएन आंग या तरुण अभ्यासिकेने बोट ठेवले. ‘विवा’ या डच महिला साप्ताहिकात तिने एक छोटी जाहिरात दिली. आपल्याला ‘डॅलस’ आवडते, पण ते सांगितल्यावर लोक विचित्र प्रतिसाद देतात; इतरांना ती का आवडते किंवा का आवडत नाही ते कळवावे, असा तिचा आशय होता. उत्तरादाखल ४२ पत्रे आली. तीन अपवाद वगळता ती सर्व स्त्रियांची आणि मुलींची होती. या पत्रांवर आधारलेला तिचा ग्रंथ १९८२ मध्ये डच भाषेत आणि १९८५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

४२ पत्रे ही संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य सामग्री होय. तथापि आंग हिने ती मोजली नाही, तिने ती संहिता म्हणून वाचली, हे तिच्या कामाचे वैशिष्ट्य आहे. मालिकेचा तिरस्कार करणाऱ्यांची पत्रे आत्मविश्वासाने लिहिलेली होती. त्यांना आपली बाजू सिद्ध करण्याची गरज वाटत नव्हती, कारण प्रचलित विचारव्यूह त्यांच्या पाठीशी उभा होता. दुसरा गट उपरोधाने पाहणाऱ्यांचा होता. हे लोक मालिका चुकवत नसत, परंतु ती पाहताना सतत थट्टा करत. उपरोधामुळे त्यांना सुखही मिळे आणि त्या सुखापासून सुरक्षित अंतरही राखता येई. तिसरा गट मनापासून आवडणाऱ्यांचा होता, आणि सर्वांत अडखळती पत्रे याच गटाची होती. मालिकेचे दोष आधीच मान्य करून टाकायचे, ती सुमार आहे हे आपल्याला कळते असे नोंदवायचे, आणि मग दबकत आवड सांगायची, असा त्यांचा क्रम होता.

ही आवड कशाची होती? मालिकेतील श्रीमंती, कटकारस्थाने, योगायोग यांचा सामान्य डच गृहिणीच्या जीवनाशी काही संबंध नव्हता. तरीही अनेक पत्रलेखिकांना ती खरी वाटत होती. घटनांच्या पातळीवरचे वास्तव आणि भावनांच्या पातळीवरचे वास्तव असा भेद करून आंग हिने याचा उलगडा केला. सुख टिकत नाही, घरातली भांडणे कधीच पूर्णतः मिटत नाहीत, आज जिंकलेले उद्या हातचे जाते, ही जाणीव त्या प्रेक्षकांना ओळखीची होती. १८७२ च्या निबंधात असंभाव्यता हा दोष ठरला होता. येथे असंभाव्य कथानकच एका संभाव्य, नव्हे अनुभवलेल्या भावस्थितीचे वाहन ठरले.

या संदर्भात आणखी एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. ‘डॅलस’ सुरू झाली त्याच वर्षी, म्हणजे १९७८ मध्ये, ‘फिल्म कॉमेंट’ या अमेरिकी नियतकालिकात दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी आपल्या चोरट्या आवडीच्या चित्रपटांविषयी लिहिले. नामवंत दिग्दर्शकाने अशी कबुली दिली की त्याची रुची व्यापक ठरते. प्रतिष्ठा कमी होण्याऐवजी तिच्यात मोकळेपणाची भर पडते. तीच कबुली गृहिणीने दिली की तिची रुची तेवढीच आहे असे मानले जाते. अपराध एकच, पण शिक्षा आरोपी पाहून दिली जाते.

४

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ सुखापासून झालाच नाही. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५–७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत शेती, आरोग्य आणि शिक्षणविषयक कार्यक्रम नेण्याचा प्रयोग झाला. शासनाने १९८२ मध्ये नेमलेल्या पी. सी. जोशी कार्यगटाचा अहवालही विकासाच्या गरजांनाच अग्रक्रम देणारा होता. प्रबोधन हे माध्यमाचे कर्तव्य आणि रंजन ही त्याने दिलेली सवलत, अशी ही रचना होती. मुंबई केंद्रावर ‘आमची माती, आमची माणसं’ होते, तसाच ‘गजरा’ही होता, आणि ‘चिमणराव’ घरोघर पोचला तेव्हा त्याच्या मागे चिं. वि. जोशी यांच्या साहित्याची पुण्याई उभी होती. या काळातील प्रेक्षकाला सुखाचा परवाना बहुधा बाहेरून मिळत असे.

‘हम लोग’ ही मालिका या परवानापद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण होय. जुलै १९८४ ते डिसेंबर १९८५ या काळात तिचे १५६ भाग प्रक्षेपित झाले. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेमागे मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी विकसित केलेली, कौटुंबिक कथेतून सामाजिक संदेश देण्याची पद्धती होती. कुटुंबनियोजनाचा उपदेश आरंभीच्या भागांत जड झाला, प्रेक्षक नाराज झाले, आणि मग कथेला अधिक वाव देण्यात आला. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येत आणि घडलेल्या प्रसंगाचे तात्पर्य सांगत. हे तात्पर्य प्रेक्षकाला दुहेरी उपयोगाचे होते. त्यातून शिकवण मिळे, आणि आपण अर्धा तास केवळ दुसऱ्याच्या घरातली भांडणे पाहिली नाहीत, अशी ग्वाहीही मिळे. कीर्तनात आख्यान रंगल्यावर बुवा पुन्हा मूळ अभंगाकडे वळतात, त्याच जातीची ही व्यवस्था होती. याच मालिकेच्या प्रायोजकत्वातून ‘मॅगी’ नूडल्सची जाहिरातही घरात आली, ही गोष्ट मात्र तात्पर्यात येत नसे.

शिकवण आणि सुख यांची ही सांगड प्रत्यक्षात किती सैल होती, हे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासातून दिसून आले. सोशिक, स्वतःला पुसून टाकणारी आई भागवंती हे पात्र अनुकरण करू नये असा नमुना म्हणून योजलेले होते. पण अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. परवाना ज्या कारणासाठी दिला होता त्या कारणासाठी तो वापरला गेला नाही. प्रेक्षकाने तात्पर्य ऐकून घेतले आणि सुख आपल्या हिशेबाने घेतले.

त्यानंतर ‘रामायण’ (१९८७–८८) आले. रविवारी सकाळी स्नान करून संचापुढे बसणे, संचाला हार घालणे, उदबत्ती लावणे, अशी वर्णने त्या काळच्या वृत्तपत्रांत विपुल आढळतात. अभिनयाची अतिशयोक्ती, लांबवलेले प्रतिसाद, चेहऱ्यांवर रेंगाळणारा कॅमेरा, अश्रू आणि पार्श्वसंगीत यांची रेलचेल, सासर-माहेर, सावत्र आई, वनवास, संशय असे कौटुंबिक भावनाट्य या सर्व बाबतींत ही मालिका पुढील दैनंदिन मालिकांपासून फार दूर नव्हती. तरीही ती पाहणाऱ्या भाविकाला स्पष्टीकरण द्यावे लागले नाही. सुशिक्षितांपैकी जे टीका करत होते त्यांची टीका निर्मितीमूल्यांवर किंवा राजकीय परिणामांवर होती. पाहण्यातील सुख कोणी चोरटे म्हटले नाही. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. अपराधभाव हा संहितेच्या रूपाचा गुणधर्म नाही. तेच रूप धर्माच्या आश्रयाने आले तर पुण्य, साहित्याच्या आश्रयाने आले तर संस्कार, विकासाच्या आश्रयाने आले तर शिक्षण; आणि निराश्रित आले तर वेळेचा अपव्यय.

५

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांनी परवानापद्धतीच मोडीत काढली. ‘स्टार प्लस’वरून ‘सांता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ घरात आल्या. ऑक्टोबर १९९२ मध्ये ‘झी’ सुरू झाली. दूरदर्शननेही ‘शांती’ (१९९४) आणि ‘स्वाभिमान’ (१९९५) यांच्या रूपाने दुपारची वेळ मालिकांना दिली. मुंबई दूरदर्शनवरील ‘दामिनी’ही दुपारच्या प्रहरातलीच. पुढे १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आणि २००० मध्ये ‘ई-टीव्ही मराठी’ या वाहिन्या आल्या. ‘आभाळमाया’ला काही काळ समीक्षकांचीही पसंती लाभली, २००१ ते २०१३ या काळात तीन हजारांहून अधिक भाग चाललेल्या ‘चार दिवस सासूचे’च्या वाट्याला मात्र मुख्यत्वे विनोद आले. या विनोदांमागचा तिरस्कार मालिकेच्या दर्जावर होता तितकाच तो पाहणाऱ्या बाईवरही होता.

येथे वेळेचा प्रश्न केंद्रस्थानी येतो. टानिया मॉडलेस्की हिने १९८२ मध्येच असे दाखवून दिले होते की अशा मालिकांची लय घरकामाच्या लयीशी जुळणारी असते. वारंवार खंडित होणारे लक्ष, पुन्हापुन्हा सांगितलेली माहिती, कधीही उठून जाता येईल आणि कधीही परत येता येईल अशी कथा, हे सर्व सतत हाका मारल्या जाणाऱ्या व्यक्तीच्या दिनक्रमाला अनुसरून असते. कणीक मळताना ऐकता येणारी ही कथा आहे. लयतत्त्वाला आणि रचनेच्या एकात्मतेला प्रमाण मानणारी समीक्षा तिला सामोरी जाते तेव्हा तिला केवळ पाल्हाळ दिसतो. कारण आरंभ, मध्य आणि अंत असलेली, एका बैठकीत आणि अखंड लक्ष देऊन आस्वादायची कलाकृती तिने गृहीत धरलेली असते. असे अखंड लक्ष देता येणे ही कोणाची मिरास आहे, हा प्रश्न ती विचारत नाही.

याच घरात रविवारी दिवसभर एकदिवसीय क्रिकेटचा सामना पाहिला जातो. त्यात सात-आठ तास जातात, निकालही लगेच विसरला जातो, शिवाय प्रत्येक षटकानंतर जाहिराती असतात. तरीही पाहणाऱ्याला ‘सहज लावला होता’ असे म्हणावे लागत नाही. उलट सामना चालू असताना त्याला चहा आणून दिला जातो. संध्याकाळी अर्धा तास मालिका पाहणारी स्त्री मात्र आधी स्वयंपाक आटोपल्याची खात्री करून घेते. तेव्हा ज्याला अभिरुचीतील उच्चनीचता म्हटले जाते तिचा मोठा भाग घरातील वेळेच्या विषम वाटपाचा असतो. चोरटे येथे सुख नसून वेळ असतो. स्वतःचा वेळ स्वतःच्याच घरात चोरून घ्यावा लागतो.

६

या विवेचनातून, अपराधभाव ही केवळ लादलेली गोष्ट असून ती टाकून द्यावी, असा सोपा निष्कर्ष काढता येईल. एकविसाव्या शतकात तसा तो पुष्कळांनी काढला आहे. जे आवडते ते निःसंकोचपणे आवडून घ्यावे, हे आता बंडखोरीचे विधान राहिलेले नाही. तो बाजाराचाच उपदेश झाला आहे. प्रेक्षकमापनाच्या यंत्रणेला प्रेक्षकाने लाजत पाहिले की अभिमानाने, याच्याशी कर्तव्य नसते. संच चालू होता की नाही, एवढेच ती मोजते. सासूने सुनेचा छळ करण्याचा प्रसंग पाहून संतापणारी प्रेक्षक आणि त्यात रमणारी प्रेक्षक यांची मापनात एकच नोंद होते, आणि त्या नोंदीच्या आधारावर छळाचा प्रसंग आणखी आठवडाभर लांबवला जातो. सुखाला न्यायासनासमोरून सोडवून थेट तराजूत बसवणे ही त्याची मुक्तता म्हणता येणार नाही.

याउलट, चोरट्या सुखातील अस्वस्थतेत काही ज्ञानही असते. ‘काहीच्या काही दाखवतात, पण पाहिल्याशिवाय राहवत नाही’ असे म्हणणारी स्त्री एकाच वाक्यात दोन निर्णय देत असते. पहिला निर्णय मालिकेविषयीचा आहे, आणि तो बहुधा अचूक असतो. दुसरा स्वतःच्या गरजेविषयीचा आहे, आणि तोही खोटा नसतो. भारतीय काव्यशास्त्राला या द्विधेची कल्पना होती. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी एक म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखांच्या अधीन होणे. नाट्यगृहातील संगीत, रंग आणि सजावट हे सारे त्या विघ्नाच्या निवारणासाठी असते, असे तो म्हणतो. दैनंदिन मालिकेत मात्र हे विघ्नच आस्वादाचा पाया होते. प्रेक्षक स्वतःची सासू, स्वतःचे माहेर, स्वतःचा न उच्चारलेला राग घेऊनच पाहायला बसते. साधारणीकरण होते ते अपुरे होते. म्हणून रस पूर्णत्वाला जात नाही, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे लागते. मालिका संपत नाही याचे एक कारण बाजारात आहे, तर दुसरे या अपुरेपणात आहे.

समीक्षेने आजवर या प्रेक्षकाविषयी दोन भूमिका घेतल्या. एकीने त्याला अजाण मानून त्याची कीव केली. दुसरीने त्याला प्रतिकार करणारा म्हणून गौरवले. दोन्ही भूमिकांनी त्याची द्विधा ऐकून घेतली नाही. ती ऐकायची तर ‘सहज लावली होती’ हे वाक्य सबब म्हणून झटकून टाकता येणार नाही. अभिजन समीक्षेबाहेर, स्वयंपाकघरात आणि लोकलच्या डब्यात दररोज केल्या जाणाऱ्या समीक्षेचा तो एक त्रोटक नमुना मानावा लागेल. आज मालिका मोबाईलच्या पडद्यावर, कानात ध्वनी घालून, घरातल्या कोणाच्याही नकळत पाहता येते. पाहण्याची नोंद मात्र पूर्वीपेक्षा अधिक काटेकोरपणे दुसरीकडे होते. अशा काळात त्या प्रेक्षकाने स्वतःच्या सुखाविषयी बाळगलेला संशय हा कदाचित एकच असा भाग उरतो, जो कोणाच्याही मापनात येत नाही. ४२ पत्रांच्या आधारे एका अभ्यासिकेने जे काम केले, ते मराठी प्रेक्षकांच्या बाबतीत करावयाचे तर आरंभ या संशयापासून करावा लागेल.